लिनक्सवर एफ-बटणं ऐकेनाशी झाली की: हात घालण्याआधीची तयारी

उजेड वाढवायचं बटण दाबलं तर स्क्रीन ढिम्म, आणि एफ५ दाबून पान रिफ्रेश करायला जावं तर आवाज कमी. अशा वेळी कुठली तरी कमांड उचलून टर्मिनलमध्ये चिकटवायची घाई करू नका. बटण दाबल्यावर ती खूण आधी लॅपटॉपमधल्या एम्बेडेड कंट्रोलरकडे, म्हणजे बटणं सांभाळणाऱ्या छोट्या चिपकडे जाते, मग लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, आणि शेवटी ग्नोम, केडीई असं जे काही डेस्कटॉप असेल त्याच्याकडे. ती मध्येच कुठे अडकते हे कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे गळतोय न्हाणीघरातला नळ आणि वॉशर बदलला स्वयंपाकघरातल्या नळाचा. म्हणून आधी जमवाजमव.

एक साधा यूएसबी कीबोर्ड जवळ ठेवा. लॅपटॉपची बटणं बिघडलेली आणि त्याचवरची एफ-बटणं बूट मेनूला हवी, अशी कोंडी होते ती त्याने सुटते. एका पेनड्राइव्हवर उबंटू किंवा फेडोराची ताजी लाइव्ह आवृत्ती (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी) घालून ठेवा. तुमचं बटण तिथे व्यवस्थित चालत असेल तर बटण शाबूत आहे, घोळ तुमच्या जुन्या कर्नलमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मा शोध संपतो, तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात. चार्जर लावलेला असू द्या आणि बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सोबत विंडोज असेल तर तिथला फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन पूर्ण शट डाउन करा. त्या सोयीमुळे विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही आणि हार्डवेअर कधीकधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

आता टर्मिनल न उघडता होण्यासारखं. एफएन आणि एस्केप एकत्र दाबून पाहा. बऱ्याच लॅपटॉपवर तेच एफएन-लॉक असतं आणि चुकून दाबलं गेलं की सगळी ओळ उलटी वागू लागते. मग बायोस. तिथे एचपीच्या मशीनवर ‘अॅक्शन कीज मोड’, लेनोवोवर ‘हॉटकी मोड’, डेलवर ‘फंक्शन की बिहेवियर’ अशा नावाचं काहीतरी सापडेल. दिवसभर कॅल्कसारख्या स्प्रेडशीटमध्ये एफ२ आणि एफ४ दाबणाऱ्याने ते बदलून टाकावं आणि पुढचं वाचूही नये. थिंकपॅडवर एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदलही बायोसमधूनच होते. लहान कीबोर्डवर पासवर्ड सारखा चुकत असेल तर नम-लॉक बघा. ‘जे’च्या जागी १ आणि ‘के’च्या जागी २ उमटत असतात.

एवढ्यावर भागलं नाही तर एव्हटेस्ट नावाचं छोटं साधन इन्स्टॉल करून घ्या. ते सुडोने, म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने चालवा, यादीतून एकेक उपकरण निवडा आणि बिघडलेलं बटण दाबा. एकच कीबोर्ड तपासून थांबू नका: खास बटणं बऱ्याचदा ‘व्हिडिओ बस’ किंवा कंपनीच्या ‘डब्ल्यूएमआय हॉटकीज’ अशा वेगळ्या नावाखाली येतात. ओळीत बटणाचं बरोबर नाव दिसलं तर कर्नलपर्यंत सगळं ठीक आहे, डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये शोधा. आय३सारखा, पूर्ण डेस्कटॉपऐवजी फक्त खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांनी तर तिथेच आधी पाहावं, कारण उजेडाची बटणं आपली आपण बांधून घ्यावी लागतात. ‘की अननोन’ दिसलं तर सोबतचा स्कॅनकोड (बटणाचा कच्चा क्रमांक) कागदावर लिहून घ्या. काहीच उमटलं नाही तर डीमेसेज कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींची शेवटची पानं वाचा. कर्नल कधीकधी तिथे ‘अननोन की प्रेस्ड’ म्हणून कोडसकट तक्रार नोंदवून ठेवतो. तिथेही शुकशुकाट असेल तर ते बटण बहुधा कंट्रोलर परस्पर हाताळतो, नाहीतर त्या मॉडेलचा ड्रायव्हर लोड झालेला नाही. थिंकपॅड-एसीपीआय, आयडियापॅड-लॅपटॉप, एसस-एनबी-डब्ल्यूएमआय ही नावं एलएसमॉडमध्ये, म्हणजे लोड झालेले ड्रायव्हर दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत शोधा. एक सावधगिरी: एव्हटेस्ट चालू असताना पासवर्ड टाइप करू नका, तो अक्षर अन् अक्षर पडद्यावर उतरतो आणि मग मदत मागताना तोच मजकूर लोक कुणालाही पाठवतात.

स्कॅनकोड हाती असला तर दुरुस्ती यूडेव्हच्या, म्हणजे लिनक्समध्ये उपकरणं ओळखणाऱ्या यंत्रणेच्या, हार्डवेअर डेटाबेसमध्ये करायची. मूळ फाइलला हात न लावता ईटीसी या सेटिंगच्या जागेतल्या यूडेव्हच्या फोल्डरात स्वतःची वेगळी फाइल ठेवा, म्हणजे अपडेट आलं तरी ती टिकते. मॉडेल जुळवणारी ओळ डाव्या कडेला चिकटून आणि कोडची ओळ सुरुवातीला एक स्पेस सोडून. ती स्पेस विसरली की नियम लागूच होत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. मग डेटाबेस अपडेट करून यूडेव्हला ट्रिगर द्या, म्हणजे नवा नियम लागू होतो.

मायक्रोफोन बंद करायच्या बटणाला या फाइलींमध्ये एफ२० असं नाव दिलेलं दिसलं तर गोंधळू नका. एक्स११ हा पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोटोकॉल १९८७चा, त्यात बटणाचा क्रमांक २५५च्या पुढे जात नाही. कर्नलच्या क्रमांकात तो ८ मिळवतो, आणि मायक्रोफोनच्या बटणाचा क्रमांक आहे नेमका २४८. एकाने हुकलं! म्हणून त्याला एफ२०च्या वेशात आत सोडतात आणि डेस्कटॉप ते बरोबर ओळखतो.

उजेडाचं प्रकरण वेगळं. पट्टी सरकताना दिसते पण उजेड तोच, असं असेल तर बटणाचा काही दोष नाही. सिस या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या जागेतल्या बॅकलाइट फोल्डरात किती नावं आहेत ते पाहा. इंटेल-बॅकलाइट आणि एसीपीआय-व्हिडिओ० दोन्ही असतील तर डेस्कटॉप चुकीच्याला हलवत असण्याची दाट शक्यता. कर्नलला एसीपीआय-बॅकलाइटचा पर्याय नेटिव्ह किंवा व्हेंडर असा देऊन बघता येतो, पण तो थेट ग्रबच्या, म्हणजे बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत लिहू नका. बूट मेनूत ‘ई’ दाबून त्या एका बूटपुरता जोडा आणि कंट्रोल-एक्सने पुढे जा. एफ१०नेही जाता येतं, पण आपली एफ१० सध्या आजारी आहे. चाललं तरच कायमचं करा.

वायफाय विमान-मोडमध्ये अडकलं असेल तर आरएफकिल या वायरलेस चालू-बंद करणाऱ्या कमांडची यादी बघा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ कमांडने सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेला एखादा सरकता स्विच आहे का ते चाचपा. अॅपलचा कीबोर्ड, किंवा स्वतःला अॅपलचा म्हणवणारा कीक्रॉनसारखा बाहेरचा कीबोर्ड असेल तर एचआयडी-अॅपल मॉड्यूलचा एफएनमोड २ करा, एफ-बटणं सरळ चालू लागतात. ते मॉडप्रोबच्या (मॉड्यूलच्या सेटिंगच्या) फाइलीत लिहिल्यावर इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना आधी लोड होणारी फाइल, पुन्हा बनवायला मात्र विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर काही मशीनवर जैसे थे.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर दोन चाचण्या: एकदा रीबूट करून, एकदा झाकण मिटून लॅपटॉप झोपवून उठवल्यावर. दुसऱ्या चाचणीत बटणं पुन्हा रुसली तर दोष सस्पेंडकडे आहे. हार्डवेअर डेटाबेस तसाच राहू द्या आणि ग्रबच्या अॅडव्हान्स्ड पर्यायातून आधीचा कर्नल चालवून पाहा.