दुधाशिवाय हॉट चॉकलेट: गॅस पेटवण्याआधी काय काय तयार हवं

पहिलं नाव गुळाच्या पाण्याचं. बदाम, कोको सगळं नंतर. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं, किसलेला गूळ थेट उकळत्या पातेल्यात पडला आणि बदामाचं दूध फाटलं: वर दाणेदार साका, खाली तपकिरी पाणी. गाळूनही ते सुधारत नाही. म्हणून दोन कपांसाठी २५ ग्रॅम गूळ तीन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवायचा, गाळायचा (तळाशी वाळूचे कण निघतातच) आणि वाटीत झाकून बाजूला ठेवायचा. गुळाच्या चहासारखंच आहे हे. गुळात थोडी आंबटाई आणि क्षार असतात, जुना गूळ तर जास्तच आंबट. उष्णतेने आधीच सैल झालेली बदामातली प्रथिनं त्याने पटकन गोळा होतात. वाटी भरून समोर ठेवली की मगच पुढचं वाचा.

बदाम रात्रीच भिजत घाला. ४० बदाम, साधारण ५० ग्रॅम, आठ तास. विसरलात तर कढत पाण्यात तासभर, पण चव थोडी उतरते. सालं काढाच. दोन बोटांत दाबला की बदाम सुळकन बाहेर येतो. साल तुरट, कोको मुळात कडवट, दोन्ही एकत्र आले की घशाला चरचरतं. विकतचं बदामाचं दूध वापरणार असाल तर पाकिटावर ‘मिल्क’ शोधू नका, आपल्याकडे तो शब्द जनावरांच्या दुधालाच राखून ठेवलेला आहे. ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ असं लिहिलेलं असतं. बिनसाखरेचंच घ्या.

आता कोको. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’चा डबा नको. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, आणि तिथे बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं असतं; काहींत दुधाची पावडरही असते. साधी बिनसाखरेची कोको पावडर हवी, दोन सपाट मोठे चमचे. यादीत ‘५०१’ हा क्रमांक दिसला तर ती क्षार लावून आंबटाई कमी केलेली, गडद रंगाची कोको. दूध फाटायचा धोका तिच्यात कमी, पण कोकोतले फ्लॅव्हनॉल (ज्यांच्यासाठी कोको आरोग्याला चांगली म्हणतात ती द्रव्यं) या प्रक्रियेत बरेच जातात. आरोग्यासाठी करत असाल तर साधीच घ्या आणि आच सांभाळा. वरून डार्क चॉकलेट किसणार असाल तर यादीत ‘मिल्क सॉलिड्स’ हे शब्द नाहीत ना ते बघा, डार्क म्हणवणाऱ्या वडीतही ते सापडतात. घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल तर ‘दुधाचे अंश असू शकतात’ ही बारीक ओळही वाचा, आणि मिक्सरचं भांडं, गाळणं आधी साबणाने धुऊन घ्या.

गुळाचं पाणी गाळून झालं का? नसेल तर इथेच थांबा. आणि गूळ आहे म्हणून मधुमेह असलेल्यांनी निर्धास्त होऊ नये, रक्तातली साखर तोही वाढवतो.

मलमलचं स्वच्छ फडकं काढून ठेवा. चहाच्या गाळणीतून बदामाचा चोथा खाली उतरतो आणि प्रत्येक घोटाला जिभेवर येतो. बदाम आणि एक मोठा चमचा ओट्स आधी अर्धा कप पाण्यात गंधासारखे वाटा, मग आणखी पाऊण कप पाणी घालून फिरवा. सगळं पाणी सुरुवातीलाच ओतलं तर बदाम नुसते गरगरतात, वाटले जात नाहीत. ओट्स दाटपणासाठी, गरम झाल्यावर त्यातला स्टार्च फुलतो. फडक्यातून घट्ट पिळा. चोथा थालीपिठात.

कोको चाळून चार चमचे गरम पाण्यात कालवा. तिच्यात चरबी असते, म्हणून ती पाणी लवकर धरत नाही आणि गुठळ्यांच्या आत कोरडी राहते. पेस्ट चमकायला लागेपर्यंत घोटा. मग अर्धा कप पाण्यात चिमूटभर मीठ घालून ती दोन मिनिटं उकळा. उकळायचं ते इथेच, दूध पडण्याआधी. मेक्सिकोत गाई पोचण्याआधी चॉकलेट पाण्यातच घुसळत, त्यामुळे पाण्याने चव पातळ होईल ही भीती नको.

आच मंद करून बदामाचं दूध ओता. कडेला बारीक बुडबुडे आणि वर वाफ दिसली की गॅस बंद. उकळी नकोच. मिनिटभर थांबा, मग गुळाचं पाणी. गॅस बंद केल्यावर. खाली उतरवल्यावर. जायफळ, दालचिनी आवडीप्रमाणे. रवीने घुसळा, फेस येतो. लगेच प्या, नाहीतर कोको तळाशी बसते. उरलं तर फ्रिजमध्ये एक दिवस, परत गरम करताना मंद आचेवर नुसतं कोमट.