आपल्या गावचा पाटील हाकिमाचा नोकर कधी झाला? कागदांतून असं शोधा

इंग्रजी अमलात गावचा पाटील सरकारी नोकर कसा झाला, हे मुंबईत राहून शोधायचं असेल तर काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारापासून सुरुवात करा. पेशवाईच्या कागदांचं पेशवे दफ्तर मात्र पुण्याला आहे.

आधी गाव देशावरचं की कोकणातलं ते ठरवा. रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत खोत हा मधला माणूस गावाचा शेतसारा भरत असे, तिथे १८८० चा खोती कायदा पाहा. पुढचं सगळं देशावरच्या गावांसाठी आहे.

१८१८ पूर्वीचा, म्हणजे इंग्रजी अमलाआधीचा महजर (गावसभेचा निवाडापत्र) मिळाला तर मजकुराआधी तळाच्या निशाण्या वाचा. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा खुणांवरून गोतसभेत, म्हणजे निवाडा करणाऱ्या गावसभेत, कोण बसलं होतं ते उघड होतं. वतनाचा (वंशपरंपरागत हक्काचा) तंटा पाटील, कुलकर्णी, बलुतेदार गावासमोर तोडत, आणि निवाडा सगळ्यांवर बांधील असे. इंग्रजी अदालतींमुळे हा निवाडा गावाबाहेर गेला. आमच्या मते हीच सर्वांत मोठी हानी, साऱ्याच्या आकड्यांपेक्षाही मोठी.

तारखेत चूक हमखास होते. इसवी सन काढायला शुहूर सनात (मराठी कागदांतल्या जुन्या कालगणनेत) जून ते डिसेंबरसाठी ५९९, जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवा. फसली या महसुली सनात तसेच ५९० किंवा ५९१. शुहूर सन अरबी शब्दांत, एकं-दहं-शतं अशा क्रमाने लिहिलेला असतो.

मग इंग्रजांच्या जमीनपाहणीचे कागद. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी फसल्यावर १८३६ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली: सर्व्हे नंबर, ३० वर्षांसाठी ठरलेला आकार (सारा), सारा थेट खातेदाराकडून. पूर्वी गावाचा ठराव पाटील करी, ती मधली जागाच गेली. साखळी ३३ फुटांची, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, ४० गुंठ्यांचा एकर. जुना बिघा मात्र एका ठरावीक आकड्याने एकरात बदलू नका. मोजणीची काठी गावोगाव वेगळी असे.

शेवटी वतन. १८५२ च्या इनाम कमिशनने (इनामांची चौकशी करणाऱ्या मंडळाने) सनदा, म्हणजे हक्कपत्रं, तपासल्या, १८६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमला, १८७४ च्या वतन कायद्याने चाकरी करणाऱ्याची नेमणूक कलेक्टरच्या हाती गेली. ‘इंग्रजांनी पाटीलकी मोडली’ हे अर्धसत्य आहे. मान राहिला, जाब मात्र मामलेदाराला द्यावा लागू लागला. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं, मुलकी (महसुली) पाटलाचं पद १९६२ च्या. म्हणून वतनाचं रजिस्टर स्वातंत्र्यानंतरच्या दफ्तरातही मागा, आणि जुनी मोडी लिपी वाचणारा सोबत न्या.