उत्तरेच्या तळ्यांवर मुलांसह मासेमारी: आधी गार पाण्याचा विचार करा

कॅनडाच्या उत्तरेकडच्या दुर्गम तळ्यांवर मुलाबाळांना घेऊन मासे पकडायला जाणार असाल, तर पावसापेक्षा गार पाण्याची धास्ती जास्त बाळगा. बर्फ नुकताच वितळलेल्या तळ्यात माणूस पडला, की पहिलं १ मिनिट श्वास आवरत नाही. साधारण १० मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. गारठून शुद्ध हरपायला मात्र तासभर लागू शकतो. लाइफ जॅकेट अंगात असेल तरच हा तास हाती लागतो; होडीच्या तळाशी ठेवलेलं काही कामाचं नाही. मोठ्यांनीही ते घालूनच बसावं, मुलं आपल्याकडेच बघून शिकतात. होडी उलटली तर तिला धरून राहा, पोहत किनारा गाठायला जाऊ नका.

वारा बहुधा दुपारी वाढतो, म्हणून गळ सकाळीच टाका, तेही आडोशाच्या किनाऱ्याजवळ. सुती कपडे नकोत, लोकर ओली झाली तरी ऊब देते. कोरडा जोड मात्र जलरोधक पिशवीत हवाच.

अशा दुर्गम तळ्यांवर ने-आण करणारं, पाण्यावर उतरणारं विमान खराब हवेत येत नाही, म्हणून परतायला उशीर होऊ शकतो. दोन दिवसांचं जास्तीचं खाणं आणि नेहमीची औषधं जवळ ठेवा.