मनाच्या आधारासाठी फोन वापरताना या चुका टाळा

२०२० च्या टाळेबंदीत नाइलाज म्हणून मी समुपदेशनाची सत्रे फोनवर घेऊ लागले आणि टाळेबंदी उठल्यावरही ती बंद झाली नाहीत, कारण सातारा जिल्ह्यातल्या आडगावांतून दर आठवड्याला एसटीने येणे अनेकांना परवडणारे नव्हते. तेव्हापासून ‘कोणते ॲप चांगले?’ हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. फोन कुणाचा आहे, तो कोणत्या खोलीत बसून वापरायचा आणि पलीकडे नेमके कोण आहे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक चुका या तीन प्रश्नांना बगल दिल्यामुळे झालेल्या आहेत, आणि त्यातली पहिली तर मी स्वतःच केलेली आहे.

घरच्यांच्या कानांदेखत सत्र घेणे

तपशील बदलून सांगते. कराडकडच्या एका गावातल्या साठीच्या बाई पती गेल्यापासून झोपत नव्हत्या, जेवण तुटले होते. फोन मुलाचा होता, वेळही त्यानेच ठरवली होती. व्हिडिओवर आमची सहा सत्रे झाली आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला त्यांचे उत्तर ठरलेले होते : “बरं हाय की आता.” मी वहीत ‘प्रतिसाद चांगला’ असे लिहीत राहिले. सहाव्या सत्रात रेंज गेली, चित्र गोठले आणि त्या गोठलेल्या चित्राकडे बघत बसले असताना मला त्यांची नजर प्रथमच दिसली. ती कॅमेऱ्याकडे नव्हती. फोनच्या वर, किंचित डावीकडे, म्हणजे फोन हातात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे होती. मग आठवले की आधीच्या सत्रांतही प्रत्येक उत्तरापूर्वी त्यांची मान तशीच वर जात असे.

पुढचा कॉल मी साधा ठेवला, सुनेच्या फोनवर, दुपारच्या वेळी, बाई गोठ्यात असताना. मध्येच म्हैस हंबरत होती, बादलीचा आवाज येत होता आणि बाई सलग चाळीस मिनिटे बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहिण्याजोगे नाही, परंतु त्यातले एक वाक्यही मुलासमोर त्यांना बोलता आले नसते. मुलाच्या मनात काही वाईट नव्हते. आईला फोन नीट धरता येत नाही, म्हणून तो बिचारा अर्धा-अर्धा तास हात उचलून उभा राहत होता.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. कॉल लागल्यावर ‘कसे आहात?’ असे न विचारता, ‘आत्ता खोलीत तुमच्याशिवाय कुणी आहे का?’ असे मी विचारते, म्हणजे समोरच्याला नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळे होता येते. एक वाक्यही आम्ही आधीच ठरवून ठेवतो : ‘दूध आणायला जायचे आहे’ असे कानावर आले की मी विषय बदलते आणि सत्र आवरते. बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे असावे. इयरफोन वायरचाच असावा, असा माझा हट्ट आहे, आणि तो हट्ट एका महाविद्यालयीन मुलीमुळे निर्माण झाला : तिचा फोन आपोआप दिवाणखान्यातल्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला गेला आणि सत्राची पहिली दोन मिनिटे पाहुण्यांसह सगळ्या घराने ऐकली. व्हिडिओ असलाच पाहिजे असेही नाही. साध्या फोनवर, चालता चालता, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर माणसे अधिक मोकळी होतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्नावलीला परीक्षा समजणे

पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाचपणी करणारी नऊ प्रश्नांची यादी इंटरनेटवर फुकट मिळते, हे चांगलेच आहे. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात, बेरीज २७ पर्यंत जाते, आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्यावी असा साधारण संकेत आहे. या यादीने निदान होत नाही. थायरॉइड बिघडला असेल किंवा रक्त कमी असेल, तरी थकव्याचे आणि झोपेचे गुण चढतात, आणि त्याचे कारण या यादीला कळत नाही.

एका बारावीतल्या मुलाच्या वडिलांनी मला एकवीस दिवसांचा रंगीत आलेख पाठवला होता. ते मुलाकडून रोज रात्री ही यादी ॲपवर भरून घेत. “परवा १४ होते, काल ११ आले, म्हणजे गोळी लागू पडली ना?” असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न दोन आठवड्यांबद्दल असताना काल आणि आज यांच्या उत्तरांत तेरा दिवस सामाईकच असतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यामुळे आलेखात जे उमटत होते ते फार तर त्या रात्री घरात झालेल्या भांडणाचे प्रतिबिंब होते. पुढे मुलानेच मला सांगितले की दहाच्या खाली आकडा आला तर फोन परत मिळेल असे ठरल्यामुळे तो आधी बेरीज ठरवायचा आणि मग उत्तरे भरायचा.

मी ही यादी कागदावर, दोन आठवड्यांतून एकदाच भरून घेते आणि वाचताना नववा प्रश्न आधी वाचते. तो स्वतःला इजा करण्याच्या किंवा जगणे नको वाटण्याच्या विचारांविषयी आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल, तर एकूण बेरीज ३ आहे की २३, याला अर्थ उरत नाही. त्याच दिवशी, जिवंत माणसाने, समोर बसून किंवा फोन करून सरळ विचारायचे असते. आई-वडिलांना हा प्रश्न उच्चारण्याची भीती वाटते. विचारल्याने मुलाच्या डोक्यात असा विचार शिरत नाही; तो असेल तर सांगायला वाट मिळते.

चॅटबॉटलाच समुपदेशक मानणे

१९६६ मध्ये एमआयटीतील जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला, जो माणसाचे वाक्य उलटवून त्यालाच प्रश्न म्हणून परत विचारीत असे. त्यांच्या सेक्रेटरीने थोडा वेळ त्याच्याशी संवाद साधल्यावर वायझेनबाम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले, ही गोष्ट त्यांनीच नोंदवून ठेवली आहे. यंत्राशी बोलतानाही माणसाला खोली रिकामी लागते, हे आमच्याकडच्या मुलांना स्पीकरवर बोलायला लावणाऱ्या घरांनी ध्यानात घ्यावे. आजचे चॅटबॉट कितीतरी सफाईने बोलतात, परंतु बोलणाऱ्याची री ओढण्याची त्यांची खोड गेलेली नाही. रोजनिशीसारखा किंवा अवघड संभाषणाची तालीम म्हणून त्यांचा उपयोग करण्यास माझी हरकत नाही. मात्र वोबॉट हे गाजलेले ॲप ३० जून २०२५ रोजी बंद झाले तेव्हा त्याच्यावर विसंबलेल्यांना दुसरा आधार शोधावा लागला, आणि म्हणून कोणत्याही ॲपबरोबर एका माणसाचे नाव लिहून ठेवा, असे मी सांगते.

मदतीचा क्रमांक ऐन वेळी शोधणे

केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता थरथरत्या हातांनी तो शोधण्याऐवजी आजच फोनमध्ये साठवा. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ आहेच. ज्येष्ठांच्या फोनमध्ये याच्या उलट घोटाळा दिसतो. ‘डिजिटल अटक’वाल्या भामट्यांच्या धास्तीने मुले अनोळखी कॉल वाजणेच बंद करून ठेवतात, आणि मग समुपदेशकाचा फोनही वाजत नाही. आजोबा म्हणतात, “तुम्ही फोन केलाच नाही.” धास्ती खोटी नाही, पण आधी समुपदेशकाचा क्रमांक नावानिशी साठवावा आणि मगच ती सोय चालू करावी.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगते. किशोरवयीन मुलांच्या फोनमध्ये चोरून हेरगिरीचे ॲप टाकू नका. ते सापडतेच, आणि त्यानंतर मूल मनातले सांगणे थांबवते. मर्यादा घालायची असेल तर ती त्याच्यासमोर बसून घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला ‘शांत करणारे’ व्हिडिओ दाखवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार त्या वयात पडद्यासमोर बसवण्याचा वेळ शून्य आहे आणि दोन ते चार वर्षांपर्यंत फार तर एक तास. झोपेसाठी घेतलेल्या ॲपची रात्री अकराची सूचना बंद करा. तीन दिवसांत फरक पडला नाही म्हणून चौथे ॲप उतरवणाऱ्यांना मी आता काहीच सांगत नाही, पाचव्याच्या वेळी ते स्वतःच येतात.

भाषेकडे दुर्लक्ष करण्याची चूक परदेशी गेलेली मुले हमखास करतात. न्यू जर्सीतल्या एका मुलाने आईसाठी ध्यानाच्या इंग्रजी ॲपची वर्षाची वर्गणी भरली. काकूंनी चार दिवस ते लावून पाहिले. “ती बाई श्वास सोडा म्हणते तोवर माझा पुढचा घेऊन झालेला असतो,” असे त्यांनी मला सांगितले. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचे ‘आवाहन’ हे यूट्यूब चॅनेल त्यांना लावून दिले, अक्षर मोठे करून दिले आणि रविवारी सकाळी मुलाने व्हिडिओ कॉलवर घाईने चौकशी करण्याऐवजी निवांत अर्धा तास गप्पा माराव्यात, असे त्याला कळवले. गप्पा सुरू आहेत. वर्गणी रद्द करायचे तो अजून विसरलेलाच आहे.