इंदूरमध्ये मध्यस्थ म्हणून काम कसे सुरू करावे

वाड्याची वाटणी, भागीदारीतील हिशेब किंवा नवरा-बायकोतील बेबनाव कोर्टात वर्षानुवर्षे रेंगाळत राहतो, तेव्हा पैशापेक्षा नात्यांचे नुकसान अधिक होते. 2002 पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 नुसार न्यायालय असे वाद मध्यस्थीकडे पाठवू शकते आणि 2023 च्या मध्यस्थी अधिनियमाने या कामाला स्वतंत्र चौकट दिली आहे. लवाद निर्णय देतो, मध्यस्थ मात्र पक्षकारांनाच निर्णयापर्यंत पोहोचवतो, हे या मार्गाकडे वळणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.

प्रथम शिक्षणाचा विचार करावा. कायद्याची पदवी सर्वांत उपयोगी, आणि ती देवी अहिल्या विद्यापीठातून घेता येते. मानसशास्त्र, समाजकार्य किंवा मनुष्यबळ व्यवस्थापनाची पार्श्वभूमी असणाऱ्यांनाही कौटुंबिक आणि कंपन्यांमधील वादांत काम मिळू शकते. त्यानंतर 40 तासांचे मध्यस्थी प्रशिक्षण घ्यावे, कारण न्यायालयाशी संलग्न केंद्रांत हाच रूढ मापदंड आहे. त्याविषयीची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करावी.

खरे शिक्षण अनुभवी मध्यस्थाशेजारी बसून होते. समजा, रामबागेतील दोन भावांचा वाड्यावरून वाद आहे. धाकटा म्हणतो, "विका आणि माझा हिस्सा द्या", थोरला म्हणतो, "माझ्या हयातीत वाडा विकला जाणार नाही." या मागण्यांवरच चर्चा चालू ठेवली तर ती तिथेच अडून बसते. म्हणून दोघांशी स्वतंत्र बैठका घ्याव्यात आणि घाई न करता विचारावे, "दादा, वाडा विकला तर तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?" उत्तर येते, की म्हाताऱ्या आईला देवघर सोडून फ्लॅटमध्ये न्यायचे नाही. धाकट्याला मुलीच्या शिक्षणासाठी यंदाच रक्कम हवी असते. आता आईच्या हयातीपर्यंत वाडा राखून धाकट्याला हिश्श्यापोटी काही रक्कम आताच देण्याचा मार्ग दोघेही स्वतः सुचवू शकतात. स्वतंत्र बैठकीत ऐकलेले संमतीशिवाय दुसऱ्या पक्षाला सांगू नये. इंदूरच्या मराठी वस्तीत सगळेच एकमेकांच्या ओळखीचे असल्याने हा नियम विशेष कसोशीने पाळावा लागतो. कोणत्याही पक्षाशी नाते किंवा व्यवहार असेल, तर ते पहिल्याच बैठकीत उघड करावे.

मग करारलेखन शिकावे. रक्कम, हप्ते, तारखा आणि हप्ता चुकल्यास काय, हे कागदावर स्पष्ट नसेल तर भांडण पुन्हा उभे राहते. अधिनियमात असा करार न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणण्याची तरतूद आहे, त्यामुळे येथे शब्दांची ढिलाई महागात पडते. प्रक्रियेसाठी अधिनियमात 120 दिवसांची आणि संमतीने आणखी 60 दिवसांची मुदत ठेवली आहे.

उत्पन्नासाठी सुरुवातीला न्यायालयीन मानधनावर विसंबू नये. वकिली किंवा समुपदेशन चालू ठेवावे. सियागंजसारखी बाजारपेठ असलेल्या इंदूरमध्ये व्यापारी वादांना मोठा वाव आहे, कारण 3 लाख रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादात तातडीचा दिलासा मागितला नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे. येथील व्यापारी मनातले बोलतो ते हिंदीत किंवा माळवीत, म्हणून केवळ मराठी आणि इंग्रजीवर भागणार नाही.

जिथे एक पक्ष दुसऱ्याच्या धाकाखाली आहे, विशेषतः घरात मारहाण होत आहे, तिथे तडजोडीचा आग्रह धरू नये आणि पीडित व्यक्तीला कायदेशीर संरक्षणाकडे पाठवावे.