‘डाउट’ कुठे वापरायचा आणि कुठे नाही

मालवणात माझ्या मामांचं घरगुती होमस्टे आहे. मे संपत आला होता, वारा फिरला होता. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणार असलेल्या परदेशी पाहुण्यांना मामांनी रात्री मेसेज केला, ‘आय डाउट द सी विल बी रफ टुमारो.’ मामांच्या मनात होतं, ‘माका डाउट आसा, उद्या दर्या खवळतलो.’ पाहुण्यांनी वाचलं ते उलटं: उद्या समुद्र खवळेलसं वाटत नाही. सकाळी लहान मुलांसकट सगळे होडीसाठी तयार! मामांनी अंगणातच अडवलं म्हणून बरं.

आपल्या बोलण्यात ‘डाउट’ संशयाच्या जागी जाऊन बसलाय. इंग्रजीत तो नकाराकडे झुकतो. म्हणून वाक्य लिहिण्याआधी त्या जागी ‘मला नाही वाटत’ घालून बघा. अर्थ तोच राहिला तर ‘डाउट’ बरोबर. ‘आय डाउट द ट्रेन विल बी ऑन टाइम’, म्हणजे गाडी वेळेवर येईलसं मला वाटत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेने येणाऱ्या पाहुण्याला हे बिनधास्त लिहा.

अर्थ उलटला, म्हणजे ती गोष्ट होईल असंच तुम्हाला वाटत असेल, तर ‘सस्पेक्ट’ घ्या. हा शब्द फक्त पोलिसांचा नाही. ‘आय सस्पेक्ट इट विल रेन’ अगदी सहज चालतं. पण जिथे कुणाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे दोन्ही शब्द सोडा आणि सरळ लिहा: ‘द सी मे बी रफ. प्लीज डोन्ट गो.’ मामा आता हेच लिहितात.

खरं तर मामांचा अर्थ अगदीच परका नव्हता. जुन्या इंग्रजीत ‘डाउट’चा एक अर्थ भीती वाटणे असाही होता, आणि स्कॉटलंडच्या बोलीत ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार अशी धास्तीच. पण समोरचा पाहुणा स्कॉटिश असेल यावर विसंबू नका.

माणसाबद्दल बोलतानाही हाच फरक. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या शब्दावर माझा भरवसा नाही. चोरी त्यानेच केली असं वाटत असेल तर ‘आय सस्पेक्ट हिम’.

वर्गात हात वर करून ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो ते भारतात सगळ्यांना कळतं. बाहेरच्या शिक्षकाला मात्र त्यांचं शिकवणं आपल्याला पटलेलं नाही असं वाटू शकतं. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

‘डाउटफुल’ आणि ‘ड्युबिअस’ यांतही गल्लत होते. पेटीतला आंबा पाडव्यापर्यंत पिकेल का, हे ‘डाउटफुल’. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलंय, पण आत भलताच आंबा असावा असा वास येतोय, तर तो विक्रेता ‘ड्युबिअस’. या शब्दाला लबाडीची छटा आहे, तेव्हा सांभाळून.

उच्चारात ‘बी’ येत नाही. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा स्पेलिंगमध्येही ते अक्षर नव्हतं. लॅटिन ‘दुबितारे’शी नातं दिसावं म्हणून पुढे विद्वानांनी ते घातलं. ‘डाउब्ट’ म्हणू नका.