एक्सेलनं कपडे बदलले आणि माझ्या ओळी गेल्या

2008 साली नाशिकच्या एका सीए ऑफिसात आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला लागलो. क्लासमध्ये एक्सेल 2003 शिकलेलो. वहीत सगळं टिपलेलं: 'डेटा मेनू, वरून दुसरं, फिल्टर.' ऑफिसात निघालं 2007. मेनू गायब, वर रिबन म्हणजे बटणांची पट्टी. प्रिंटसाठी 'फाइल' शोधण्यात अर्धा तास गेला. कोपऱ्यातलं गोल चिन्ह शोभेचं नसून बटण आहे, हे शेजारच्या ताईंनी सांगितलं. (2010 च्या आवृत्तीत 'फाइल' परत आलं. म्हणजे मी एकटाच बावळट नव्हतो.)

आवृत्ती बदलली की तुम्हीही चाचपडाल. चार दिवसांत हात बसतो, घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला.

क्लायंटकडे जुनं एक्सेल, त्यात 2007 ची नव्या प्रकारची एक्सएलएसएक्स (.xlsx) फाइल उघडेना. मी जुन्या प्रकारात, एक्सएलएसमध्ये (.xls) सेव्ह केली. एक सूचना आली, मी 'कंटिन्यू' दाबलं. सकाळपासून इतक्या अनोळखी खिडक्या आल्या होत्या, की वाचणंच सोडलं होतं. नेमकी तीच वाचायची होती! एक्सएलएसमध्ये 65,536 ओळी मावतात, नव्यात 10,48,576. माझं लेजर, म्हणजे खातेवही, 71 हजार ओळींचं. खालच्या पाचेक हजार नोंदी गेल्या. फाइल दिसायला धडधाकट. बेरीजही येते, फक्त चुकीची. वर शहाणपणा असा, की मूळ फाइल 'डबल' म्हणून उडवलेली. दोन दिवस पुन्हा तेच काम, आणि सरांची नजर.

2020 मध्ये इंग्लंडात कोविडचे जवळपास 16 हजार रुग्ण आकडेवारीतून सुटले, तेही एक्सएलएसच्या याच मर्यादेमुळे. तेव्हा 'आता कोण वापरतं' म्हणू नका; अशा फाइली अजून येतात. रिकाम्या कॉलममध्ये कंट्रोल आणि खालचा बाण दाबा. 65,536 वर थांबलात तर फाइल जुनी, तिच्यात मोठा डेटा कोंबू नका.

'पन्नास शॉर्टकट' छापाचे व्हिडिओ मला तरी फुकट वाटतात. पाच पुरेत. त्यातला माझा लाडका: कॉपी करून ऑल्ट, ई, एस, व्ही एकामागून एक, मग एंटर; सूत्रं सोडून फक्त व्हॅल्यू (उत्तरं) पेस्ट. मेनू गेले तरी ही जुनी वाट 2007 मध्येही चालली. माझ्या वहीतलं तेवढंच वाचलं. रिबन दिसेनाशी झाली तर कंट्रोल एफ1. शिकवताना तुमच्या हातातला माउस ओढून घेणाऱ्या सीनियरपासून जपा. काम होतं, तुम्हाला काही येत नाही. त्या ताई माउसला हात लावत नसत, नुसतं म्हणत, "वाच काय लिहिलंय ते."